फॉर्मात साखर लिहायची की नाही

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस लातूरच्या औसा रोडवर आणि नांदेडच्या श्रीनगर-भाग्यनगरात बंद घरांची कुलपं निघायला लागतात. उन्हाळ्यात लेकाकडे, लेकीकडे अमेरिका-कॅनडाला गेलेले आईवडील तिकडची थंडी सुरू व्हायच्या आत परततात. घर झाडून घ्यायचं, साठलेली बिलं भरायची, बँकेत जाऊन पासबुक भरून आणायचं आणि मग दवाखाना गाठायचा. तिकडं दुखत होतं पण दाखवलं नाही, हे वाक्य या दिवसांत नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये बाकावर बसलेल्या कुणाकडूनही ऐकायला मिळतं. "तिकडं नुसतं दाखवायचं म्हटलं तरी भीती वाटती. पोरगं म्हणतं, बाबा, विमा काढलाय की. पण विम्यात काय बसतंय न काय नाही, हे त्यालाच नीट ठाऊक नाही," असं एक निवृत्त मुख्याध्यापक सांगत होते. पाच महिने गुडघा धरून बसलेला हा माणूस विमा असून बिनविम्यासारखा राहिला होता.

या पिढीची गोष्ट लातूर पॅटर्नपासून सुरू होते. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या वर्गांतून, खासगी शिकवण्यांतून मराठवाड्यातली मुलं इंजिनिअरिंगला आणि मेडिकलला लागली. तिथून पुणे, हैदराबाद, बंगळुरू आणि पुढं न्यू जर्सी, टोरांटो, म्युनिक, दुबई. त्यांना शिकवण्यासाठी ज्यांनी शेत विकलं, पीएफ काढला, ते आईवडील आज पासष्ट ते पंचाहत्तरच्या घरात आहेत. वर्षातले काही महिने इकडं, काही तिकडं. आजार मात्र दोन्हीकडं बरोबरच असतो, आणि विमा बहुधा एकाच ठिकाणचा.

या लेखासाठी दोन्ही शहरांत घरोघरी गेलो, एजंटांशी आणि दवाखान्यांच्या कॅशलेस काउंटरवर बसणाऱ्या मुलामुलींशी बोललो. बहुतेक घरांत विमा मुलानं निवडला होता, ऑफिस संपल्यावर रात्री मोबाइलवर चार कंपन्यांचे हप्ते शेजारी-शेजारी ठेवून. आईवडिलांनी ओटीपी सांगितला, एवढाच त्यांचा सहभाग. माझं म्हणणं सरळ आहे: विमा ज्याच्या आजारासाठी घ्यायचा, त्यानं तो स्वतः निवडला पाहिजे. आपल्या आजाराची फाईल काय सांगते, वेळ आली तर आपण कुठल्या दवाखान्यात जाणार, वर्षातले किती महिने कुठं राहणार, या तीन गोष्टी न्यू जर्सीतल्या मुलापेक्षा त्या माणसाला जास्त ठाऊक असतात. साठीनंतरच्या विम्यात कंपनीच्या नावापेक्षा याच तीन गोष्टी क्लेमच्या वेळी उभ्या राहतात.

लातुरात एका घरी फॉर्म भरला जात असताना मी हजर होतो. सर अडुसष्ट वर्षांचे, बाई चौसष्टच्या, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. एजंट सरांचाच जुना विद्यार्थी. पहिल्या पानावर नाव, पत्ता, उंची, वजन झालं. दुसऱ्या पानावर आजारांचे रकाने आले आणि पेन थांबलं. "सर, साखर नका लिहू," तो हळू आवाजात म्हणाला. "गोळीवर कंट्रोलमध्ये आहे ना? मग कशाला? लिहिली की हप्ता वाढतो, नाहीतर फॉर्मच परत येतो. तीन वर्षं काही झालं नाही की मग कोण बघतंय?" सर गप्प बसले. बाई आत गेल्या आणि साडीच्या दुकानाची एक जाड पिशवी घेऊन आल्या. त्यात दहा वर्षांचे रिपोर्ट होते, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या होत्या. सगळ्यात खालच्या चिठ्ठीवर २०१४ ची तारीख आणि साखरेच्या गोळीचं नाव. "ही पिशवी दवाखान्यात न्यावीच लागती ना?" बाई म्हणाल्या. "मग तिथं दिसणारच की. लिही बाबा, आहे ते लिही."

बाईंचं म्हणणं किती बरोबर आहे, हे कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या काउंटरवर कळतं. पेशंट आत आला की पहिला कागद होतो तो निवासी डॉक्टरच्या हातचा. बीपी किती वर्षांपासून, साखर किती वर्षांपासून, हे तो नातेवाइकांना विचारून लिहितो. घाबरलेला मुलगा किंवा पुतण्या अंदाजानं 'दहा-पंधरा वर्षं' म्हणतो. कॅशलेसचा अर्ज त्याच कागदासह कंपनीकडे जातो, आणि तिथला डॉक्टर सगळ्यात आधी तीच ओळ वाचतो. फॉर्मात साखर नाही आणि केसपेपरवर दहा वर्षांची साखर आहे, एवढं पुरतं. माहिती लपवली म्हणून क्लेम नाकारला जातो, कधी पॉलिसीच रद्द होते. सल्ला देणारा एजंट तेव्हा फोन उचलेलच असं नाही. आणि 'दहा-पंधरा' असं ठोकताळ्यानं बोललेलं प्रामाणिक माणसालाही नडतं. म्हणून प्रत्येक आजाराचं वर्ष एका कागदावर लिहून तो कागद फाईलच्या वरच ठेवावा, आणि घरातल्या सगळ्यांना तो ठाऊक असावा.

खरं लिहिण्याचा धाक पूर्वी जास्त होता, कारण वाट लांब होती. आधीपासून असलेल्या आजारासाठी चार वर्षांपर्यंत थांबावं लागे. विमा नियामक प्राधिकरणानं, म्हणजे आयआरडीएआयनं, २०२४ मध्ये ती मर्यादा ३६ महिन्यांवर आणली. त्याच वर्षी आणखी दोन बदल झाले. पासष्टनंतर नवी पॉलिसी मिळत नाही, हा समज ज्या अटींमुळं रूढ झाला होता, त्या मागं पडल्या. प्रत्येक वयाच्या माणसासाठी कंपनीकडं काहीतरी पॉलिसी असली पाहिजे असं ठरलं. आणि सलग ६० महिने पॉलिसी चालू राहिली की त्यानंतर माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनीला क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय. पूर्वी यासाठी आठ वर्षं लागत. हप्ता किती भरला यापेक्षा पॉलिसी किती वर्षं न तुटता चालली, याला म्हणूनच किंमत आहे. अडुसष्टाव्या वर्षी साखर लिहून पॉलिसी घेतली तर एकाहत्तराव्या वर्षी साखरेमुळं होणारं दुखणं विम्यात येतं. तीच पॉलिसी एकोणसत्तराव्या वर्षी अमेरिकेला जाताना तुटली आणि परत आल्यावर नवी घेतली, तर घड्याळ पुन्हा शून्यावर.

आणि ती तुटते, फार साध्या कारणानं. नांदेडच्या एका जोडप्याची पॉलिसी ते मुलीकडं असताना संपली. नूतनीकरणाचा संदेश वडिलांच्या भारतीय नंबरवर येत होता; रिचार्ज नसल्यानं सिम बंद पडलं होतं. कार्डावरून हप्ता आपोआप कापला जायचा, पण कार्डाची मुदतही मधेच संपली. वार्षिक हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते, तीही गेली. परत आल्यावर त्यांनी सात वर्षं जपलेली पॉलिसी नव्यानं काढली. बाहेर जाण्याआधी पुढच्या वर्षाचा हप्ता भरून टाकणं किंवा मुलाचा ईमेल कंपनीकडं नोंदवून ठेवणं, यातल्या एकानंही हे टळलं असतं.

दवाखान्याचा प्रश्न इथं पुण्या-मुंबईसारखा नाही. लातुरात १९६६ साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय सुरू केलं. बऱ्या पगारावर शहरात राहण्याजोगं शिक्षण घेतलेली माणसं तेव्हा इथं येऊन राहिली, म्हणून लातूरला आज चांगल्या उपचारांची सवय आहे. डॉ. कुकडे यांना २०१९ मध्ये पद्मभूषण मिळालं, तेव्हा लातूरला ते आपल्या घरातलंच वाटलं. शहरात विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था आहे, नांदेडला विष्णुपुरीत डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विष्णुपुरीचं नाव घेतलं की मात्र अजूनही लोक २०२३ च्या ऑक्टोबरची आठवण काढतात. तिथं २४ तासांत २४ रुग्ण दगावले होते, त्यातली १२ नवजात बाळं. ज्यांच्याकडं चार पैसे आहेत, ती घरं त्यानंतर आणखी खासगीकडं वळली. अँजिओप्लास्टी, गुडघा, डोळा इथं होतो. पण बायपास, मेंदूची शस्त्रक्रिया, अवघड कर्करोग म्हटलं की नांदेडचा माणूस हैदराबादचं नाव घेतो. पावणेतीनशे किलोमीटर, पण निजामाच्या काळापासूनचं नातं, रेल्वे तीच, आणि कुणाचा ना कुणाचा पाहुणा तिथं आहेच. लातूरचा माणूस हैदराबाद, सोलापूर, पुणे या तिघांत निवड करतो.

इथंच स्वस्त हप्त्याची गोम आहे. बऱ्याच कंपन्या पिनकोड बघून हप्ता ठरवतात. ४३१६०१ किंवा ४१३५१२ टाकला की पुण्यापेक्षा हप्ता कमी येतो, आणि मुलगा खूश होतो. पण अशा काही पॉलिसींत पुढच्या पानावर अट असते: महागड्या शहरांच्या झोनमध्ये उपचार घेतले तर बिलाचा दहा-वीस टक्के वाटा पेशंटनं भरायचा. ज्या शहरातला माणूस मोठ्या आजाराला कायम बाहेरगावी जातो, त्याच्यासाठी ही अट म्हणजे मोठ्या बिलावरच कपात. लातूरच्या पत्त्यावर पॉलिसी घेताना एकच विचारावं: मला हैदराबादला किंवा पुण्याला नेलं तर किती कापणार? उत्तर ईमेलवर लेखी घ्यावं. झोनची अट पैसे भरून काढून टाकता येत असेल तर काढून टाकावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

खोलीभाड्याची अटही अशीच. ज्येष्ठांच्या स्वस्त पॉलिसींत खोलीचं भाडं विमारकमेच्या एक टक्का, अशी मर्यादा असते. समजा पाच लाखांची पॉलिसी आहे. म्हणजे रोजचे ५,००० रुपये. आईला एकटं झोपवत नाही म्हणून मुलीनं १०,००० ची खोली घेतली. पाच दिवसांचं भाडं ५०,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग मिळून २,००,०००, औषधं-तपासण्या-इम्प्लांट १,००,०००. बिल साडेतीन लाख. लोकांना वाटतं, खोलीचे वरचे २५,००० आपले, बाकी कंपनीचे. तसं होत नाही. खोली दुप्पट घेतली म्हणून डॉक्टरांच्या फीपासून नर्सिंगपर्यंतचे दोन लाखही निम्मेच मंजूर होतात. औषधं, तपासण्या आणि इम्प्लांट यातून वगळलेले असतात, ते पूर्ण मिळतात. हिशेब केला तर कंपनी देते २,२५,०००, घरचे भरतात १,२५,०००. पंचवीस हजारांच्या हौसेपायी सव्वा लाख. मुलांना परदेशातून हे कळत नाही, कारण ते तिथं नसतात, आणि खोली ठरवणाऱ्या पुतण्यानं पॉलिसी पाहिलेली नसते. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी महाग पडते, पण परवडत असेल तर तीच घ्यावी. नसेल तर खोलीचा आकडा पॉलिसीच्या पहिल्या पानावर लाल पेनानं लिहून ठेवावा.

छोट्या नर्सिंग होमबद्दल एक बदल लोकांपर्यंत पोचलेला दिसला नाही. कंपनीच्या यादीत नसलेल्या दवाखान्यातही, तिथं निदान १५ खाटा असतील तर, २०२४ च्या जानेवारीपासून कॅशलेसची सोय मागता येते. ठरलेल्या ऑपरेशनच्या ४८ तास आधी, आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांत कळवावं लागतं. दवाखाना तयार हवा, हे आलंच. कॅशलेसच्या अर्जावर तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत उत्तर देण्याचं बंधन कंपनीवर आहे. त्याहून उशीर झाला तर वाढलेला खर्च कंपनीनं सोसायचा. हे तीन तास काउंटरवर मोठ्यानं सांगावे लागतात, तेव्हाच ते मोजले जातात.

सरकारी योजनांबद्दल या वर्गात एक अवघडलेपण आहे आणि ते मला खटकतं. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होतं. लातूरला ती पुढच्या वर्षी, राज्यभर लागू झाली तेव्हा आली. नांदेडच्या लोकांनी २०१२ पासून ती वापरली आहे, तिची सवय आहे. आज ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, राज्यातल्या सगळ्या कुटुंबांसाठी खुली आहे, आणि मर्यादा पाच लाखांची आहे. त्यावर २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, मग त्याची पेन्शन कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार. घरात सत्तरीचे दोघं असतील तर पाच लाख दोघांत मिळून. खासगी विमा असलेल्यांनाही ते मिळतं. आधारवर वय सत्तर हवं आणि केवायसी करावी लागते, बस्स. आणि साखर-बीपी आधीपासून असली तरी थांबावं लागत नाही, ही या कार्डाची खरी ताकद. तरी औसा रोडवरचे निवृत्त लोक म्हणतात, "ते गरिबांसाठी आहे." गरिबांसाठी राखलेलं कुणाचं काढून घेतलं जात नाही, वयाच्या आधारावर तुमच्या नावचं आहे ते. नव्या पॉलिसीचे ३६ महिने भरेपर्यंत मधल्या काळात याच कार्डाचा आधार होतो. कार्ड चालणारा दवाखाना कुठला, त्यात कुठले उपचार होतात, हे आजारी पडायच्या आधी बघून ठेवावं, कारण यादीतल्या प्रत्येक दवाखान्यात प्रत्येक उपचार होत नाही.

पेन्शनरांची आणखी एक जात आहे. नांदेड हे दक्षिण मध्य रेल्वेच्या विभागाचं मुख्यालय, त्यामुळं रेल्वेतून निवृत्त झालेल्यांकडं रेल्वेची आरोग्य योजना आहे. जुन्या स्टेट बँक ऑफ हैदराबादचे लोकही या भागात खूप. २०१७ च्या विलीनीकरणानंतर त्यांची गणितं स्टेट बँकेशी जोडली गेली. या सगळ्यांनी परदेशात जाताना एवढंच ध्यानात ठेवावं की यातली कुठलीही सोय देशाबाहेर फारशी उपयोगी नाही.

आता तिकडची बाजू.

अमेरिकेला पर्यटक व्हिसावर जाणाऱ्या आईवडिलांना तिथला सरकारी विमा नाही. मुलगा जो पाहुण्यांचा विमा घेतो, तो दोन प्रकारचा असतो. एकात प्रत्येक गोष्टीला ठरलेले पैसे मिळतात: डॉक्टरकडं एकदा गेल्याचे इतके, आयसीयूच्या एका दिवसाचे इतके. बिल त्याच्या दसपट आलं तरी वरचं सगळं घरचं. दुसऱ्या प्रकारात सुरुवातीची ठरलेली रक्कम आपण भरायची, मग काही टप्प्यापर्यंत बिलाचे ऐंशी टक्के कंपनी देते आणि त्यापुढं मर्यादेपर्यंत पूर्ण. पहिला स्वस्त म्हणून फार खपतो. पासष्टीच्या, बीपी-साखरेच्या माणसासाठी तो घेणं म्हणजे विमा घेतल्याचं समाधान विकत घेणं, असं माझं ठाम मत झालं आहे. दुसऱ्या प्रकारातही आधीच्या आजाराबद्दल बहुतेक पॉलिसी एवढंच मानतात: तो अचानक उफाळला आणि चोवीस तासांत उपचार घेतले, तर ठराविक मर्यादेपर्यंत पैसे. साखर तपासणं, गोळ्या बदलणं, जुन्या गुडघ्याला दाखवणं यात येत नाही. मुख्याध्यापकांच्या गुडघ्याचा प्रश्न हाच होता. सत्तर आणि ऐंशी या दोन वयांवर हप्ता उडी मारतो आणि मर्यादा खाली येते. भारतीय कंपन्यांच्या प्रवासविम्यातही आधीचा आजार जिवावर बेतला तरच, आणि तेही काही पॉलिसींत. शिवाय तो निघण्याआधीच घ्यावा लागतो. म्हणून सहा महिन्यांच्या गोळ्या चिठ्ठीसह बरोबर घ्या आणि दात, डोळे, स्ट्रेस टेस्ट निघायच्या आधी इथंच करून घ्या. ही खबरदारी कुठल्याही पॉलिसीपेक्षा जास्त पैसे वाचवते. मात्र छातीत कळ आली तर डॉलरचा विचार करायचा नाही. तिथल्या इमर्जन्सीनं पैसे नाहीत म्हणून परत पाठवायचं नाही, असा १९८६ पासूनचा कायदा आहे. बिलाचं नंतर बघता येतं.

ग्रीन कार्ड घेणाऱ्यांचं गणित वेगळं आणि जास्त अवघड. "ग्रीन कार्ड मिळालं, आता मेडिकेअर मिळणार" हे लातुरात मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. पासष्टीनंतर ग्रीन कार्डवर गेलेल्या माणसाला मेडिकेअर, म्हणजे तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, विकत घेण्याचा हक्क सलग पाच वर्षं तिथं राहिल्यावर मिळतो. ज्यानं तिथं दहा वर्षं नोकरी करून कर भरलेला नाही, त्याला दवाखान्यात भरती होण्याच्या भागाचाही हप्ता पडतो. २०२५ मध्ये तो महिना ५१८ डॉलर होता, आणि डॉक्टरांच्या भागाचे १८५. एका माणसाचे महिन्याला ७०३ डॉलर म्हणजे साठ हजार रुपयांच्या आसपास. औषधांचा भाग वेगळाच. पहिली पाच वर्षं सरकारी बाजारातला खासगी विमा घ्यावा लागतो. त्याच्या हप्त्यात २०२५ पर्यंत कमी उत्पन्न असलेल्या नव्या ग्रीन कार्डधारकांना मोठी सूट मिळत होती. जुलै २०२५ च्या कायद्यानं ती २०२६ पासून अगदी कमी उत्पन्नवाल्यांसाठी काढून घेतली. फक्त पेन्शनवर असलेल्या आईवडिलांना याचा थेट फटका आहे. मुलाच्या कर-विवरणात ते त्याच्यावर अवलंबून दाखवले असतील तर मुलाचं उत्पन्न धरलं जातं आणि चित्र बदलतं. हे तिथल्या कर-सल्लागाराला विचारूनच ठरवायचं. अमेरिकेत जायचं की नाही, हा घरातला प्रश्न आहे. पण तिकडं गेल्यावर इकडची पॉलिसी बंद करायची नाही, यात मला शंका नाही. पाच वर्षांत काय होईल सांगता येत नाही. अनेक जण दोन हिवाळ्यांनंतर परत येतात.

कॅनडा याबाबतीत निदान स्पष्ट बोलतो. सुपर व्हिसावर आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं, पण आधी किमान एक वर्षाचा, एक लाख कॅनेडियन डॉलरचा विमा दाखवावा लागतो. २०२५ च्या जानेवारीपासून मान्यता असलेल्या बाहेरच्या कंपन्यांचाही चालतो. तिथंही आजार किती महिने 'स्थिर' आहे, म्हणजे गोळीचा डोस बदललेला नाही, हे बघतात. निघायच्या दोन महिने आधी डॉक्टरांनी बीपीची गोळी वाढवली आणि त्यामुळं बीपी विम्याबाहेर गेलं, असं होऊ शकतं. इंग्लंडमध्ये भेटीवर गेलेल्याला इमर्जन्सी विभागात मोफत बघतात, पण भरती केलं की एनएचएसच्या दराच्या दीडपट बिल. जर्मनीत पंचावन्ननंतर सरकारी विम्यात शिरण्याचं दार जवळजवळ बंद असतं, त्यामुळं म्युनिकमधल्या मुलाकडं कायमचं राहायला जायचं असेल तर आधी खासगी कंपनी घेते का ते बघावं. तीन महिन्यांच्या भेटीला ३०,००० युरोचा प्रवासविमा लागतोच.

परदेशातला म्हातारा होत चाललेला मराठवाडी माणूस म्हटलं की आपल्यासमोर कॅलिफोर्निया येतो. नांदेडच्या देगलूर नाक्याकडं, कंधार-उदगीरकडं तो आखाती देशातला असतो: मिस्त्री, ड्रायव्हर, वेल्डर. दुबईत २०१३ च्या कायद्यानं मालकानं कामगाराचा विमा काढायचाच आहे, सौदीतही तसंच. निघताना ज्यांना इमिग्रेशनची मंजुरी लागते, त्यांचा प्रवासी भारतीय बीमा योजनेत दहा लाखांचा अपघात विमा असतो, हप्ता दोन वर्षांचा २७५ रुपये आणि कर. पण ही दोन्ही छत्रं नोकरीबरोबर मिटतात. बावीस वर्षं तिकडं काढून अठ्ठावन्नाव्या वर्षी परत आलेला एक गृहस्थ मला सांगत होता की तिकडं असताना इथं पॉलिसी घ्यायची कल्पनाच त्याच्या डोक्यात आली नाही, "विमा तर होता." आता त्याला बीपी आहे, मूत्रपिंडाची तक्रार आहे, आणि खासगी पॉलिसीवाले तपासण्या मागून हप्ता वाढवून सांगतात. सत्तरीला बारा वर्षं आहेत. त्याच्यासाठी आज रेशनकार्ड, आधार आणि फुले योजना हाच खरा विमा आहे, आणि सुदैवानं नांदेडला ती चालवणारी यंत्रणा जुनी आहे. पण जो आज चाळिशीत दुबईला आहे, त्यानं गावाकडं स्वतःच्या नावची एक पॉलिसी आत्ताच सुरू करावी. तिकडं आजारी पडल्यावर कंपनीचा विमा आहेच. इकडची पॉलिसी पन्नाशीला परत आल्यावर साऱ्या मुदती पुरवून उभी असते. या लेखात ज्या घरांना भेटलो, त्यांत सगळ्यात कमी लक्ष याच घरांकडं दिलं गेलं आहे.

हप्त्यांचं बोलायचं तर गेल्या काही वर्षांत ज्येष्ठांचे हप्ते इतके वाढले की लोक पॉलिसी सोडायला लागले. साठीपुढच्यांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी नियामकाशी बोलावं लागेल, असं जानेवारी २०२५ मध्ये ठरलं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला. निवृत्त बँकवाल्यांच्या सामूहिक पॉलिसीला मात्र ही सूट नाही. ज्यांनी हप्ता परवडत नाही म्हणून यंदा पॉलिसी सोडायचं ठरवलं असेल, त्यांनी नवा आकडा विचारून मगच ठरवावं. विमारक्कम कमी करून जुनी पॉलिसी चालू ठेवणं हे ती तोडण्यापेक्षा केव्हाही चांगलं. कंपनीच बदलायची असेल तर मुदत संपण्याच्या दीड महिना आधी पोर्टिंगचा अर्ज करावा. म्हणजे थांबण्याचे पूर्ण झालेले महिने नव्या कंपनीत मोजले जातात.

क्लेम नाकारला की इथली माणसं लाजून गप्प बसतात, किंवा मुलाला त्रास नको म्हणून सांगतच नाहीत. एका बाईंनी नवऱ्याच्या अँजिओप्लास्टीचं पत्र पाच महिने कपाटात ठेवलं होतं. तसं करू नये. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवायचं. महिनाभरात उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर नकारापासून एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडं जायचं. लातूर-नांदेड पुण्याच्या कार्यालयात येतात. फी नाही, वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन होतो, आणि ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांचा निर्णय तिथं होतो. तो निर्णय कंपनीला पाळावा लागतो. तक्रारदाराला मान्य नसेल तर त्याला नांदेडच्या किंवा लातूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळाच असतो. अर्जाला पॉलिसी, नकाराचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जोडावी लागते. ती शेवटची प्रत बहुतेक घरांत सापडत नाही. पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत ती नको असेल तर परत करता येते. त्या ३० दिवसांतच कंपनीकडून फॉर्मची प्रत मागून घ्यावी आणि आजारांचा रकाना स्वतः वाचावा. एजंटनं तिथं काय लिहिलंय ते तेव्हाच कळतं, आणि चुकीचं असेल तर तेव्हाच दुरुस्त होतं.